चष्म्याची राखण

जबलपुरास बदली झाल्याचे पत्र हाती पडले की नातेवाइकांकडून पहिला प्रश्न येतो तो हा, की तिकडे पाहण्यासारखे काय आहे? आमचे उत्तर आता ठरून गेले आहे. भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत, धुवांधार आहे, चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे, आणि मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर दुसरा खडक तोल सांभाळून बसला आहे, तोही आहे. पाहुणे येतात, पौर्णिमेच्या रात्री नावेत बसतात, त्या शुभ्र कड्यांवरून ओघळणारे चांदणे पाहून काही काळ गप्प होतात आणि डोळ्यांचे पारणे फिटले असे सांगून नागपूरच्या गाडीत बसतात. परंतु जबलपूर हे नुसते पाहण्याचे गाव नव्हे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. लोखंड आणि ठिणगी यांच्याशी ज्या गावाचा इतका जुना संबंध, तेथे डोळ्यांनी काय पाहावे याइतकेच काय पाहू नये याचेही शिक्षण माणसाला मिळत जाते. रस्त्याच्या कडेला वेल्डिंग चालू असले की येथील आया मुलांच्या डोळ्यांवर पदर धरून पुढे जातात. ती निळी ठिणगी निदान दिसते तरी. आम्हांला सांगावयाचे आहे ते न दिसणाऱ्या प्रकाशाविषयी, आणि त्याच्यापासून डोळे राखणाऱ्या चष्म्याविषयी.

आमचे खाते कोणते हे येथे सांगण्याचे कारण नाही. आमच्या देखरेखीखाली एक लहानशी कार्यशाळा आहे आणि तिच्यात लेसरची दोन यंत्रे आहेत, एवढे वाचकांना पुरे. एक यंत्र पोलादी पट्ट्यांवर अक्षरे व आकडे कोरते. दुसरे हातात धरून पत्रा जोडण्याचे आहे. या यंत्रांपाशी उभे राहणाऱ्यांसाठी डझनभर संरक्षक चष्मे भांडारात असतात. त्या चष्म्यांची निगा हा विषय आमच्या वाट्याला आला तेव्हा तो आम्हांला, खरे सांगावयाचे तर, शाईच्या दौती मोजण्याइतकाच रुक्ष वाटला होता.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पुढे कारखान्यांतून पत्रा कापण्याचे काम कित्येक वर्षे प्रामुख्याने याच लेसरने केले. हे पटेल बारामतीचे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. बारामतीचे नाव ऊस आणि राजकारण यांखेरीज अन्य कारणाने घेण्याची संधी क्वचित येते, म्हणून ती आम्ही दवडीत नाही. त्यांच्या लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. आमच्या अक्षरे कोरणाऱ्या यंत्राची १०६४. सरकारी नोकरीत ज्याने हिशेब तपासले आहेत त्याला एका शून्याची किंमत निराळी सांगावयास नको. पण येथे त्या शून्यापायी सारी तऱ्हाच बदलते. १०,६०० चा प्रकाश डोळ्याच्या दर्शनी पडद्यावरच थांबतो. तेथे तो भाजतो, दुखवतो, माणूस ओरडतो. साध्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चष्म्यातूनही तो पलीकडे जात नाही. १०६४ चा प्रकाश मात्र त्याच पारदर्शक चष्म्यातून कोणीही न अडविल्यासारखा निघून जातो, बुबुळातून आत शिरतो, आणि डोळ्याचे भिंग आपला नित्याचा धर्म पाळून त्याला दृष्टिपटलाच्या एका बिंदूवर एकवटते. या एकवटण्याने त्याची तीव्रता एक लाख पटींच्या घरात वाढते. जे भिंग आपल्याला पोथीतले अक्षर दाखविते, तेच येथे वैऱ्याचे काम करते. आणि दृष्टिपटलाला वेदना नाही. पापणी मिटते ती दिसणाऱ्या लख्ख प्रकाशाला भिऊन. हा प्रकाश दिसतच नाही, तर ती मिटेल कशाला? पुढे केव्हातरी वाचताना ओळीच्या मध्यावरचे अक्षर नाहीसे झालेले आढळते. ते पुन्हा येत नाही.

गंमत अशी की याच १०६४ च्या प्रकाशाचे आमच्या घरावर उपकार आहेत. आमच्या वडिलांचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाल्यावर दोनएक वर्षांनी त्या डोळ्यावर पुन्हा धुके आले. 'जाळी आली आहे, लेसरने उघडू', असे डॉक्टर म्हणाले, आणि काही मिनिटांत ती जाळी त्याच तरंगलांबीच्या सूक्ष्म स्फोटांनी उघडली. दुसऱ्या दिवशी वडील अंगणात उभे राहून समोरच्या क्वार्टरच्या भिंतीवरील विटा मोजीत होते. जाणत्याच्या हातात मोजून मापून दिलेला प्रकाश दृष्टी देतो आणि कार्यशाळेतल्या चकचकीत पत्र्यावरून उडालेली त्याचीच तिरीप दृष्टी घेते. म्हणून मधे चष्मा हवा.

हा चष्मा केवळ काळा असून भागत नाही. आमच्याकडचे जुने वेल्डर हे ऐकून हसले होते. ज्यांनी उभ्या हयातीत काळ्याकुट्ट काचेतून ठिणगी पाहिली, त्यांना फिकट हिरवट रंगाचा, पलीकडचे सर्व स्वच्छ दाखविणारा चष्मा म्हणजे पोरखेळ वाटावा हे स्वाभाविक आहे. पण लेसरच्या चष्म्याचे सामर्थ्य त्याच्या रंगात वाचता येत नाही. ते त्याच्या कडेला छापलेल्या बारीक आकड्यांत असते. कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत तो प्रकाश अडवितो आणि किती अडवितो, हे ते आकडे सांगतात. अडविण्याच्या मापाला प्रकाशीय घनता म्हणतात. बोलताना सगळे 'ओ. डी.' म्हणतात. ओ. डी. ३ म्हणजे हजारातला एकच भाग पलीकडे जाणार, ओ. डी. ६ म्हणजे दहा लाखांतला एक. सहावरून पाचावर येणे म्हणजे एक षष्ठांश तोटा असे कोणी त्रैराशिक मांडील तर ते चुकेल; ती दहापट गळती आहे. शिवाय १०६४ साठी घेतलेला चष्मा १०८० च्या यंत्राला चालेलच असे धरून चालता येत नाही. आमचे पत्रा जोडणारे यंत्र नेमके १०८० चे. दोन्ही चष्मे टेबलावर शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात.

आता निगेविषयी. आमच्या पिढीने चष्मा पुसण्याची विद्या वडिलांच्या धोतरापासून शिकली. वडील वाचता वाचता थांबत, चष्मा काढीत, त्यावर तोंडाची वाफ सोडीत आणि धोतराच्या सोग्याने तो गोल गोल पुशीत. ती क्रिया इतकी शांत आणि विचारमग्न असे की घरात काही बिकट प्रश्न निघाला म्हणजे वडिलांनी चष्मा पुसावयास घेतला की आई उत्तर येणार म्हणून थांबत असे. त्या काळच्या भिंगांची काच कठीण होती; धोतराने तिचे काही बिघडत नसे. आम्ही धोतर सोडले, परंतु पुसणे सोडले नाही. सदरा, रुमाल, टाय, जे हाती येईल त्याने पुसतो. लेसरचे पुष्कळसे चष्मे आज पॉलिकार्बोनेटचे असतात. हा पदार्थ हातोडीच्या घावाला दाद देत नाही, पण धुळीच्या कणापुढे मेणासारखा मऊ. आणि जबलपुराला धुळीची वाण नाही. येथील धूळ साधी माती नव्हे. तीत भट्टीची राख असते, सहाणेवरून उडालेला पोलादाचा कीस असतो, दगड कापणाऱ्यांच्या बाजूने वारा आला तर त्याचीही भर पडते. असा कण भिंगावर बसलेला असता कोरड्या फडक्याने तो 'पुसणे' म्हणजे भिंगावर सावकाश कोरीव काम करणे होय. एका ओरखड्याने चष्मा निकामी होत नाही, हे खरे. पण ओरखडे साठत जातात, समोरचे धूसर होते, आणि धूसर झाले की माणूस काय करतो? तो चष्मा कपाळावर चढवितो.

हे आम्ही स्वतः पाहिले. मंडल्याकडचा एक तरुण आमच्या कोरीव यंत्रावर असतो. हात अतिशय सुबक, अक्षर जणू छापखान्यातले. मे महिन्यात दुपारी आम्ही कार्यशाळेत गेलो तर त्याचा चष्मा कपाळावर आणि डोळे यंत्राच्या आवरणाच्या फटीपाशी. आम्ही ओरडलो तेव्हा त्याने दचकून तो खाली ओढला. पुढे त्याने सांगितले ते असे, की साहेब, घामाची वाफ धरते, आकडे दिसत नाहीत, आकडा चुकला तर पट्टी वाया जाते आणि बोलणी मला बसतात. आम्ही तो चष्मा मागून घेऊन स्वतःच्या डोळ्यांवर चढविला. समोर जणू दह्याची निवळी धरली होती. त्याला रागे भरण्यासारखे आमच्यापाशी मग काही उरले नाही. जगभरच्या लेसर अपघातांच्या नोंदी वाचणाऱ्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते: चष्मा जवळ होता, डोळ्यांवर नव्हता. मळलेला चष्मा कमी अडवितो म्हणून धोक्याचा आहे असे नाही. तो घालवत नाही म्हणून धोक्याचा आहे. ही गोष्ट आम्हांला कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा त्या दह्याच्या निवळीने अधिक चांगली समजावली.

तेव्हापासून हे काम आम्ही भांडारातल्या नानांकडे दिले. नाना सागरचे. त्यांचे पूर्वज मराठी अमलात तिकडे गेले, आणि त्यांची मराठी आता अशी झाली आहे की पुण्याच्या पाहुण्याला ती हिंदी वाटते आणि शेजारच्या तिवारींना मराठी. नानांनी चष्म्यांसाठी जो पाठ घालून दिला तो पाहण्यासारखा आहे. प्रथम नळाची बारीक धार. चष्म्याला हात लावावयाच्या आधी धूळ पाण्यानेच वाहून गेली पाहिजे. पाणी कोमट चालेल, कढत नाही. मग बोटाच्या टोकावर सौम्य साबणाचा थेंब; बोटाने, फडक्याने नव्हे. पुन्हा धार. मग मऊ, धुतलेल्या, कांजी न केलेल्या सुती फडक्याने टिपणे. 'घासायचं नाही साहेब, टिपायचं. लेकराचे डोळे टिपून राहिलो असं समजायचं,' असे ते नव्या पोरांना सांगतात. थिनर, ॲसिटोन, खिडक्या पुसण्याचे अमोनियाचे निळे पाणी, यांची बाटली त्या मोरीच्या आसपासही येऊ देत नाहीत. या द्रव्यांनी पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात आणि वरचे लेपन उतरते. काही चष्मे काचेचे, दोन थर चिकटवून केलेले असतात. ते पाण्यात बुडवून ठेवावयाचे नाहीत, कारण पाणी थरांत शिरते. कोणता चष्मा कसा धुवावा हे ठरविताना करणाऱ्याच्या चिठ्ठीवरची सूचना नाना आधी वाचून घेतात. घरी आमच्या सौभाग्यवती तांब्याची भांडी चिंच आणि राख लावून घाशीत असतात, त्यांना आम्ही हा सारा विधी सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, 'मग त्याला सोवळ्यातच ठेवा की!' नानांनी जवळजवळ तेच केले आहे. प्रत्येक चष्म्याला डबी, डबीवर क्रमांक, आणि डब्या लाकडी कपाटात, उन्हापासून दूर.

उन्हाचे कारण सांगितले पाहिजे. भिंगात मुरविलेला रंग म्हणजे प्रकाश शोषणारे द्रव्य. अतिनील किरणांनी ही द्रव्ये हळूहळू विटू शकतात. दारात वाळत घातलेली छापील साडी विटते तशी. पूर्वी दोन चष्मे कार्यशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीत खिळ्याला लटकत असत, आणि येथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर सहज जातो. सबंध उन्हाळे त्यांनी तेथे काढले होते. त्यांचा रंग इतरांहून किंचित पिवळा दिसे, एवढेच. किंचित म्हणजे ओ. डी. किती घसरली हे डोळ्याने सांगता येणे शक्यच नव्हते.

२०२२ च्या सप्टेंबरात वार्षिक तपासणी झाली. नानांनी एकेक चष्मा ट्यूबलाइटसमोर धरून फिरविला: ओरखडा, खड्डा, बुडबुडा, भेग, थर सुटणे, चौकटीचा सांधा, बाजूच्या झापा, मागच्या पट्टीची ओढ. बारांपैकी सहा उतरले. उन्हातले दोन बाजूला निघाले. उरलेल्या चारांची गोष्ट अधिक चमत्कारिक होती. त्यांची भिंगे आरशासारखी स्वच्छ होती, पण त्यांवरचे आकडे पुसून गेले होते. महामारीच्या दोन वर्षांत एकाने वापरलेला चष्मा दुसऱ्याने घेण्याआधी त्यावर सॅनिटायझर फवारण्याचा हुकूम होता. त्या मद्यार्काने शाई विरघळली. नानांनी ते चार चष्मे टेबलावर मांडले आणि म्हणाले, 'साहेब, हे चांगले दिसून राहिले, पण यांची नावं गेली.' त्यांतला कोणता १०६४ चा आणि कोणता १०८० ला चालणारा हे सांगणारे आता कोणी नव्हते. बरे, प्रयोगशाळेत पाठवून मोजून घ्यावेत तर त्या खर्चात नवे आले असते.

सहाही मोडीत काढावे असे टिपण आम्ही वर पाठविले. नोकरीत ज्यांनी केस पिकविले आहेत त्यांना पुढचे सांगावयास नको. फाइल परत आली ती असा शेरा घेऊन, की वस्तू दर्शनी सुस्थितीत असता निर्लेखन कशासाठी? आणि नवी खरेदी होईपर्यंत, 'एवढी पंधरावीस दिवसांची तर गोष्ट', आहे त्या चष्म्यांवर काम चालू ठेवण्यास हरकत काय, असे तोंडी विचारणेही झाले. उतरलेले सहा चष्मे सगळे १०६४ चे होते. म्हणजे कोरीव यंत्र चालू राहणार होते, पत्रा जोडण्याचे यंत्र मात्र बंद ठेवावे लागणार होते आणि त्यावरचे काम तुंबणार होते. शेऱ्यात खोट नव्हती. वस्तू दर्शनी सुस्थितीतच होत्या. लेखापरीक्षक सबंध आयुष्यभर वस्तू पाहून तिची स्थिती ठरवितो, आणि खुर्ची, पंखा, सायकल यांना तो न्याय बरोबर आहे. येथे न्याय लावावयाचा तर ज्या प्रकाशासाठी चष्मा केला तो प्रकाश आधी दिसला पाहिजे.

आम्ही लिहिले, ते साधारण असे: वस्तू दर्शनी सुस्थितीत आहे हे मान्य. ज्या किरणांपासून रक्षणासाठी ती घेतली ते किरण अदृश्य असल्याने दर्शनी परीक्षा या वस्तूस लागू पडत नाही. तिची एकमेव परीक्षा तिच्यावरील मुद्रित आकडे होत, व ते नष्ट झाले आहेत. औषधाच्या कपाटातील चिठ्ठी गळालेली बाटली, आतील औषध कितीही स्वच्छ दिसले तरी, रोग्यास देण्यात येत नाही. नवीन चष्मे येईपर्यंत १०८० नॅनोमीटरचे यंत्र बंद ठेवण्यात आले असून किल्ली निम्नस्वाक्षरीकारांच्या ताब्यात आहे. हे शेवटचे वाक्य लिहिताना हात जरा थबकला. बढतीची यादी त्याच महिन्यात तयार होत होती, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. पण त्या यंत्रापाशी रोज उभी राहणारी दोन माणसे आम्हांला चेहऱ्याने ठाऊक होती, आणि शेरा लिहिणाऱ्याला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

यंत्र तीन आठवडे बंद राहिले. वरून दोनदा विचारणा झाली, तिसऱ्यांदा झाली नाही; कोणीतरी ते टिपण शेवटपर्यंत वाचले असावे. निर्लेखनाची मंजुरी दिवाळीच्या तोंडावर आली, आणि पाठोपाठ नवे चष्मेही. नव्या चष्म्यांचे आकडे भिंगातच कोरलेले आहेत, फवाऱ्याने जाणार नाहीत. तरीही नानांनी ते एका वहीत उतरवून ठेवले, डबीच्या आत एक चिठ्ठी डकविली, आणि चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी चिकटविली. मंडल्याच्या त्या तरुणासाठी त्यांनी हवेच्या झरोक्यांची चौकट मुद्दाम मागवून घेतली होती; वाफ पूर्वीइतकी धरत नाही. एखाद्या चष्म्यावर थेट किरण पडला तर, डाग दिसो न दिसो, तो त्याच क्षणी कपाटाबाहेर, असेही त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. थेट किरण सोसण्याची युरोपीय कसोटीसुद्धा काही सेकंदांचीच असते. हे चष्मे तिरपीसाठी आहेत, टक लावण्यासाठी नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होते. जबलपुरात ते मावळतीला दिसणार होते. आमच्या वसाहतीतल्या मुलांना मोडीत निघालेल्या चष्म्यांचा सुगावा कसा लागला कोण जाणे. आदल्या आठवड्यात पाचसहा जण नानांच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. एवढ्या जबर लेसरला पुरणारा चष्मा सूर्याला का पुरणार नाही, हा त्यांचा मुद्दा, आणि तर्क म्हणून तो वाईट नव्हता. नानांनी एकाच्या हातात चष्मा दिला आणि खोलीतल्या दिव्याकडे पाहावयास सांगितले. दिवा जसाच्या तसा दिसत होता. 'जेवढा दिवा दिसून राहिला, तेवढाच सूर्यही आत येईल,' नाना म्हणाले. मग त्यांनी पक्कड घेतली, मुलांच्या देखत सहाही चष्म्यांच्या काड्या आणि पट्ट्या कापल्या, भिंगांवर कानशीने आडवी-उभी फुली ओढली, आणि वहीत सहा ओळी लिहून आमच्यासमोर सहीसाठी धरली.